पाच घरांची बाळी

अण्णांच्या उजव्या कानाला, अगदी वरच्या कडेला, भिकबाळी होती. बंगाल्यांना तिचं फार कुतूहल. ट्राममध्ये शेजारी बसलेला एखादा गृहस्थ धीर करून विचारायचा, की हे बायकांचं कानातलं तुम्ही का घातलंत, आणि तेही पाळी सोडून इतक्या वर? अण्णा बंगालीतच उत्तर द्यायचे, "आमच्या देशात असतं." त्यापुढे काही सांगायचे नाहीत.

मला मात्र त्यांनी लहानपणी सांगितलं होतं. त्यांच्या आधीची तीन भावंडं वर्षाच्या आत गेली होती. अण्णा झाले तेव्हा त्यांच्या आईनं पाच घरी पदर पसरून सोनं मागितलं. कुणी गुंजभर दिलं, कुणी तुटकी चमकी दिली. ते सगळं एकत्र आटवून ही बाळी केली. भीक मागून वाढवलेलं मूल आपलं राहत नाही, म्हणून त्याच्यावर कुणाची नजर जात नाही, अशी समजूत. "ही माझी नाही, पाच घरांची आहे," असं अण्णा म्हणायचे. एरवी ते देवधर्माचे फारसे नव्हते. रोज आंघोळीनंतर देवाला एक नमस्कार, तोही अर्धा दाराकडे वळून.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं जे झालं ते बाळीमुळे झालं की माझ्यामुळे, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

अण्णा खिदिरपूरच्या गोदीत होते. जहाजातून उतरलेल्या पेट्यांवरच्या खुणा आणि नंबर वाचायचे, ओरडून सांगायचे आणि कागदावर उतरवायचे, असं काम. बावीस वर्षं ते उन्हात उभे राहून हे करत होते. डोक्याला काळी टोपी असायची, पण टोपी कान झाकत नाही. रंगानं ते गोरे, डोळे घारे. उन्हाळ्यात त्यांचे कान नाकापेक्षा लाल व्हायचे आणि आई म्हणायची, "आले, कंदील घेऊन आले."

बाळीच्या भोकाशेजारी एक खपली धरली. ती निघायची, पुन्हा धरायची. आईनं पाहताक्षणी सांगितलं, बाळी चिघळली. आमच्याकडे कान चिघळला की जे करतात ते सगळं सुरू झालं. खोबरेल तेलात हळद. बाळी काढून भोकात कडुलिंबाची काडी. मग पुन्हा बाळी.

"पाच घरचं पाच तऱ्हेचं सोनं," आई म्हणायची. "कुणी पितळ घातलं असेल त्यात, कुणाला ठाऊक."

"चाळीस वर्षं नाही बाधलं ते पितळ," अण्णा म्हणायचे.

असं दीड वर्ष चाललं. आम्ही सगळे त्या भोकाला औषध करत होतो. भोकाशेजारच्या कातडीकडे कुणी पाहिलंच नाही. त्याच्या शेवटाला मी नुकताच कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेलो होतो, आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. शास्त्र शाखेचा विद्यार्थी, आणि मीही काडी सोलून द्यायचो. पुढे ती खपली मसुराच्या डाळीएवढी घट्ट झाली, कडा वर आल्या आणि उशीवर रक्त दिसायला लागलं. तेव्हा गोदीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली.

हॉस्पिटलमध्ये मी बरोबर जायचो. अण्णांना हिंदी यायचं, बंगाली तर माझ्यापेक्षा चांगलं यायचं. तरी डॉक्टरांसमोर त्यांनी तोंड उघडायचं नाही, मी इंग्रजीत बोलायचं, असं त्यांनीच ठरवलं होतं.

"चार शब्द इंग्रजीत कानावर पडले की माणूस नीट बघतो," ते म्हणाले. "मी बावीस वर्षं पाहतोय."

"पण ते बंगालीच आहेत, अण्णा."

"असू देत. तू कॉलेजात कशाला जातोस मग?"

मग मी बोलायचो. रात्री वाक्यं पाठ करून ठेवायचो. डॉक्टर विलायतेत शिकून आलेले होते, लढाईत चेहरे भाजलेल्या, फाटलेल्या शिपायांवर त्यांनी काम केलं होतं. माणूस शांत होता. माझं इंग्रजी ते पूर्ण होईपर्यंत ऐकून घ्यायचे, ह्याचीच मला जास्त लाज वाटायची.

कानाचा तुकडा तपासून आला तेव्हा त्यांनी मला सांगितलं की हा कातडीचा कॅन्सर आहे, उन्हानं होतो, गोऱ्या कातडीला लवकर होतो, आणि कानाचा वरचा भाग काढावा लागेल. अण्णा शेजारी स्टुलावर बसले होते. मी त्यांना मराठीत सांगितलं, "जखम वाईट आहे. तेवढा भाग काढणार."

"पसरणारी?"

"आत्ता काढली तर नाही."

"बरं," अण्णा म्हणाले आणि टोपी घातली.

मला त्या वेळी काय वाटलं ते आठवायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. आठवतं ते एवढंच, की बाहेरच्या व्हरांड्यात फिनेलचा वास होता आणि मी भिंतीवरच्या फरशा मोजत होतो. रडू आलं नाही. घरी येऊन मी जेवलो.

सुजेमुळे बाळी आता निघेना, ती पक्कडीनं कापून काढावी लागली. नर्सनं ती कागदाच्या पुडीत घालून दिली. अण्णांनी पुडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि ती तिथेच राहिली.

कानाचा वरचा तिसरा हिस्सा गेला. ऐकायला काही फरक पडला नाही. फरक पडला तो चष्म्याला. चष्म्याची उजवी काडी टेकायला जागाच राहिली नाही. अण्णा पेटीवर वाकले की चष्मा खाली यायचा. आईनं काडीला नाडीचा तुकडा बांधून दिला. तो डोक्यामागून नेऊन दुसऱ्या काडीला बांधायचा. गोदीतले हमाल त्यांना 'लगामबाबू' म्हणायला लागले. अण्णा घरी येऊन हे हसत सांगायचे, पण एकदा चष्मा पडून एक काच फुटली आणि त्या दिवशी त्यांनी तीन पेट्यांचे नंबर चुकीचे वाचले. तेव्हा साहेबांनी त्यांना बोलावून विचारलं, की दिसतं ना तुम्हाला नीट? हे त्यांनी हसत सांगितलं नाही.

वर्षभरानंतर जखम पुन्हा उठली नाही अशी खात्री झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले की कान नवा करता येईल. बरगडीच्या टोकाचं मऊ हाड काढायचं, कोरून त्याला कानाच्या कडेचा आकार द्यायचा, आणि कानामागच्या कातडीखाली पुरून ठेवायचं. चार महिन्यांनी ते कातडीसकट उचलून उभं करायचं. चष्मा राहील, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. ते वाक्य मी अण्णांना दोनदा सांगितलं.

आई घरी म्हणाली, "अहो, बरगडीचा कान म्हणजे आता पोटातलं ऐकू येईल का?"

"तुझं ऐकू आलं नाही म्हणजे पुरे," अण्णा म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर वॉर्डात आले. बरोबर सहा-सात विद्यार्थी. माझ्याच वयाचे, एखादं वर्ष मोठे. पांढरे कोट, चकचकीत बूट. डॉक्टरांनी जुन्या एक्स-रेची एक फिल्म धुऊन स्वच्छ करून आणली होती. ती अण्णांच्या डाव्या कानावर धरून त्यांनी शाईनं आकार काढला, कात्रीनं कापला आणि उलटा करून उजव्या बाजूला लावून पाहिला. विद्यार्थी वाकून पाहत होते. मग डॉक्टरांनी मला विचारलं, की ह्यांना काही विचारायचं आहे का?

अण्णांनी माझी बाही ओढली. हळूच म्हणाले, "विचार त्यांना, बाळीला भोक ठेवता येईल का. कान करतायत तेव्हाच ठेवा म्हणावं. मग पुन्हा टोचायला नको."

सगळे माझ्याकडे पाहत होते. वाक्य माझ्या डोक्यात तयार होत होतं. कानातलं, पाच घरं, भीक. त्यातला एक विद्यार्थी अण्णांच्या जानव्याला लावलेल्या किल्लीकडे बघत होता. मी डॉक्टरांना इंग्रजीत म्हणालो, "सर, ते विचारतायत की फार दुखेल का."

डॉक्टर म्हणाले, छाती काही दिवस दुखेल. नव्या कानाचं म्हणाल तर तिथे त्यांना फारसं काही कळणारच नाही, पुढेही नाही. तो भाग बधिरच राहील. सांगा त्यांना.

मी अण्णांकडे वळलो. "आत्ता नको म्हणाले. नंतर बघू."

"बरं," अण्णा म्हणाले.

ह्याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल.

ऑपरेशन चांगलं झालं. चार महिने अण्णांच्या कानामागे कातडीखाली ती कड दिसत होती, चादरीखाली पळी ठेवावी तशी. कुणी विचारलं तर अण्णा मान वळवून दाखवायचे आणि पेट्यांवर छापलेलं असतं ते म्हणायचे, "आत माल आहे. हँडल विथ केअर. धिस साइड अप." दुसऱ्या ऑपरेशनात ती कड उचलून मागे मांडीची कातडी लावली. पट्टी निघाली तेव्हा कान होता. रंग जरा वेगळा, कड जाडसर, पण दुरून पाहिलं तर कान. अण्णांनी तिथेच चष्मा लावला, मान खाली घातली, हलवली. चष्मा राहिला. घरी आल्यावर त्यांनी नाडी सोडली, नीट गुंडाळली आणि आईच्या हातात दिली. "लेंग्याला घाल."

कान मात्र बधिर होता. आईनं गार हात लावला तरी त्यांना कळायचं नाही. एकदा डास बसून फुगला तोवर ते पेपर वाचत होते. आईनं टोला मारला तेव्हा म्हणाले, "आवाज आला तेव्हा कळलं."

दोन महिन्यांनी, एका रविवारी, अण्णा सकाळीच बाहेर गेले आणि दुपारी परत आले ते बाळी घालून. बहूबाजारात सोनं गाळणारा आमच्या मुलखाचा एक माणूस होता. बंगाली सोनार म्हणे एवढ्या वर टोचायला तयार नव्हते, पण ह्याला भिकबाळी ठाऊक होती. त्यानं तारेनं कड टोचली, बाळी जोडली आणि आत घातली.

"काही दुखलं नाही," अण्णा आईला सांगत होते. "मुंगीसुद्धा चावली नाही. तो म्हणाला, पहिलाच माणूस पाहिला न ओरडणारा."

आईनं त्यांच्या हातावर साखर ठेवली.

मी टेबलाशी अभ्यास करत होतो. इंटरची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. मी बाळी पाहिली. आत ते कोरलेलं हाड आहे, त्याला जपायला हवं, डॉक्टरांना दाखवायला हवं, हे मला कळत होतं. पण दाखवायला नेलं की ते विचारणार, तुम्ही आधी विचारलं का नाही. आणि अण्णा माझ्याकडे बघणार. मी पुस्तकाचं पान उलटलं. माझी परीक्षा झाली की नेऊ, असं काहीतरी मनाशी म्हणालो असेन. तेही खात्रीनं आठवत नाही.

परीक्षेचे दोन पेपर राहिले होते तेव्हा आईला उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग दिसला. तिनं अण्णांना पालथं निजवून पाहिलं. कानाची मागची बाजू सुजून तट्ट झाली होती, बाळी मांसात रुतली होती. अण्णा म्हणत होते, "अगं, काही होत नाहीये मला." खरंच होत नव्हतं. चांगल्या कानाला असं झालं असतं तर माणूस पहिल्याच रात्री उठून बसला असता.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी घरी बांधलेली पट्टी सोडली. त्या दिवशीही विद्यार्थी होते. बाळी काढल्यावर पू आला, त्याबरोबर हाडाचा एक पांढरा कपटा आला. डॉक्टरांनी तो चिमट्यानं उचलून थाळीत ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, विचारा त्यांना, हे करायला कोणी सांगितलं.

मी अण्णांना विचारलं नाही. मी इंग्रजीत म्हणालो, "सर, त्यांनी ऑपरेशनच्या आधी तुम्हाला विचारायला सांगितलं होतं. मी विचारलं नाही. मी त्यांना खोटं सांगितलं."

डॉक्टर थांबले. "का?"

"मला लाज वाटली."

"त्यांना हे माहीत आहे?"

"नाही."

ते पुन्हा कानाकडे वळले. म्हणाले, की आतलं सगळं काढावं लागेल, नाहीतर विष पसरेल. कड खाली बसेल. हे तरी त्यांना नीट सांगा.

मी सांगितलं. अण्णा म्हणाले, "चष्मा?"

"राहणार नाही."

त्यांनी मान हलवली.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर आम्ही बाकावर बसलो होतो. आत दुसरा कोणी होता. वॉर्डबॉयनं अण्णांना हॉस्पिटलचा सदरा घालायला दिला होता, त्याच्या बाह्या तोकड्या होत्या. अण्णांनी चष्मा काढून हातात धरला होता. समोर बघतच ते म्हणाले, "तू विचारलं नव्हतंस, ते मला त्याच दिवशी कळलं होतं."

मी त्यांच्याकडे वळलो.

"चोवीस वर्षं साहेबांच्या हाताखाली काढली रे. बोलता येत नाही, पण कळतं. कॅन्सर म्हणाले तेही कळलं. बधिर राहील म्हणाले तेही."

"मग तुम्ही स्वतः का नाही विचारलंत? बंगालीत विचारायचं होतं."

"तू बोलत होतास ना," अण्णा म्हणाले. ह्यापेक्षा जास्त कारण त्यांना द्यायचं नव्हतं असं दिसलं. थोड्या वेळानं म्हणाले, "मी म्हटलं, डॉक्टर नाही म्हणाले नाहीत. आणि दुखणारही नाही. जिथे दुखत नाही तिथे काय बिघडायचं?"

आतून त्यांना बोलावलं. चष्मा माझ्या हातात देऊन ते गेले.

उरलेले दोन पेपर मी दिले. पासही झालो. पेपर लिहिताना मन भरकटलं वगैरे काही झालं नाही. हात चालत होता.

सूज ओसरल्यावर कानाची कड सुकलेल्या पानासारखी आत वळली. आईनं लेंग्यातली नाडी काढली नाही, दुसरी आणली. शेवटच्या पट्टीच्या दिवशी ट्रामच्या थांब्यावर अण्णा म्हणाले, "आज विचार."

"काय?"

"बाळीचं. ह्या कानाच्या पाळीत घालू का, का डाव्या कानात चालेल. सगळं नीट सांगून विचार. पाच घरांचंही सांग."

मी वाक्यं पाठ केलेली नव्हती. डॉक्टरांनी पट्टी काढली, कान स्वच्छ आहे म्हणाले, आणि विद्यार्थी पुढच्या खाटेकडे वळायला लागले. मी म्हणालो, "सर, माझ्या वडिलांना एक विचारायचं आहे." मग मी सांगितलं. त्यांच्या आधी गेलेली तीन मुलं, पदर पसरून मागितलेलं सोनं. भीक ह्या शब्दाशी अडखळलो, मग तोही म्हटला. विद्यार्थी थांबून ऐकत होते. कुणी हसलं नाही. किल्लीकडे बघत होता तोच विद्यार्थी म्हणाला, की त्याच्या आजीनं त्याला जन्मल्यावर मूठभर खुदीला, म्हणजे तांदळाच्या कण्यांना, दाईला विकलं होतं आणि परत घेतलं होतं, म्हणून घरात त्याला अजून खुदी म्हणतात. ते सगळे त्याच्यावर हसले.

डॉक्टरांनी अण्णांच्या दोन्ही कानांकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "ह्या कानात नाही आणि त्याही कानात नाही. उन्हात उभं राहणाऱ्या माणसाच्या कानाला मी आता कुठलीच जखम होऊ देणार नाही. आणि त्यांना म्हणावं, कान झाकणारी टोपी घाला."

मी अण्णांना म्हणालो, "नाही म्हणाले. दोन्ही कानांत नाही."

"बरं," अण्णा म्हणाले. "डॉक्टर नाही म्हणतात तर नाही."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून बाळीची पुडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "तुझ्याकडे असू दे. आईकडे दिलीस तर ती मोडून काहीतरी करेल." मग चष्मा लावला आणि नाडी बांधायला माझ्याकडे पाठ केली. मी गाठ मारली. माझी बोटं त्या वळलेल्या कडेला लागली, दोनदा तरी लागली असतील. त्यांना कळलं नाही.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो.